शेवटच्या खोलीचा उंबरा

"हं, कोंडिबा, व्हा आत. मुहूर्त टळंल," आनंदराव मुकादम म्हणाले.

पाडव्याची सकाळ होती. भोरला नीरेच्या काठाला, गावाच्या खालच्या अंगाला, नगरपालिकेनं बेघरांसाठी बांधलेली खोल्यांची रांग चुन्यानं पांढरीशुभ्र झाली होती आणि दारादारांवर आंब्याचे टहाळे बांधले होते. पहिल्या दारात कोंडिबा गाडीवान नारळ घेऊन उभा होता. धुतलेला सदरा, जुनाच पण कडक बांधलेला पटका. मागे बायको, तिच्या डोक्यावर पाण्याची कळशी. शेजारच्या दारात साळूबाई मसालेवाली, काखेत देवांचं गाठोडं. अशी रांगेनं सगळी कुटुंबं आपापला संसार डोक्याखांद्यावर घेऊन उभी होती आणि सगळ्यांचे डोळे कोंडिबाकडे लागले होते. तो आत गेला की सगळे जाणार होते.

कोंडिबानं पाय उचलला, खाली बघितलं आणि उचललेला पाय मागे घेतला.

"काय झालं?"

"न्हाई, काय न्हाई," कोंडिबा नारळ चाचपत म्हणाला. "येतो आमी सांजच्याला. जरा काम ऱ्हायलंय."

पाडव्याच्या सकाळी, नवं घर समोर असताना कसलं काम राहिलं होतं हे त्यानं सांगितलं नाही. त्याच्या मागोमाग साळूबाई वळली, तिच्या मागे पुढचे, आणि बघता बघता सगळी रांग पुन्हा गावाकडे चालू लागली. दारापुढे राहिले एकटे आनंदराव आणि अगदी टोकाला, शेवटच्या खोलीपाशी, घोंगडी पांघरून बसलेली भागूबाई धनगरीण.

आनंदराव म्हणजे नगरपालिकेचं घरबांधणीचं खातं. सबंध खात्याला मिळून जिन्याखाली एक टेबल होतं आणि एक सायकल. ती सायकल दिसली की बाजारपेठेत लोक म्हणत, "खातं आलं बघा." आनंदरावांना त्याचा राग येत नसे, उलट ते सीटवर जरा ताठ बसत. संस्थान होतं तेव्हा ते बांधकामावर मिस्त्री होते. पागा बांधल्या, कचेरीच्या पडव्या बांधल्या, मोठ्या माणसांच्या वाड्यांचे सोपे बांधले. संस्थान विलीन झालं आणि ते नगरपालिकेत मुकादम म्हणून लागले. ज्याला घरच नाही त्याच्यासाठी घर बांधायचं काम मात्र त्यांच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा आलं, आणि पन्नाशीचा माणूस लग्न ठरल्यासारखा हुरळून गेला.

त्याआधीही ते काही गप्प बसलेले नव्हते. भोरात रात्री कोण कुठं अंग टाकतं हे दोघांनाच ठाऊक असे: एक गस्तवाल्याला आणि एक आनंदरावांना. पाऊस लागला की शाळेची पडवी उघडून घ्यायची, थंडीत धर्मशाळेच्या पंचांची मनधरणी करायची, मोटारस्टँडवर कुणी म्हातारं भिजत बसलं असेल तर त्याला हाताला धरून आणायचं. ही त्यांची नोकरी नव्हती, पण ती कुणाची नोकरी आहे असं विचारलं तर कुणाचीच नव्हती. म्हणून बारा खोल्या मंजूर झाल्या तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, हे काम आनंदरावांचं.

भागूबाई त्यांना भेटली ती त्या बांधकामावरच. चिखलाच्या पाट्या उचलायला बाया लावल्या होत्या, त्यात ती. वेल्ह्याकडच्या डोंगरवाडीची. नवरा रायबा वारला आणि त्याच साली रोगानं मेंढरं बसली ती उठलीच नाहीत. मुलगा बाजी कापूरहोळला सडकेवर खडी फोडायला जाई. मायलेक बांधकामाच्या मागच्या आंब्याखाली राहत: एक घोंगडी, तीन दगडांची चूल आणि रायबाची धामणीच्या लाकडाची काठी. म्हातारी उन्हात पाट्या वाहताना कधी दमली असं दिसलं नाही. भिंती छातीएवढ्या झाल्या त्या दिवशी तिनं पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "मुकादम, ह्यातलं आमचं कुठलं?"

आनंदरावांनी नियम सांगितला. खोल्या भोरच्या बेघरांसाठी. भोरात बरीच वर्षं राहिलेला माणूस पाहिजे.

"मग आमी कुठलं?"

"तुम्ही वेल्ह्याकडच्या."

"तितं तरी कवा ऱ्हायलो? पावसुळा सरला की देशावर. कुणाच्या रानात चार दिस, कुणाच्या आठ. म्हंजी आमी कुठलंच न्हाई." तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. हिशेब जुळला, अशा आवाजात सांगितलं. मग पाटी उचलता उचलता म्हणाली, "बाजीची सोयरीक जमलीया वरव्याला. पोरीचा बाप म्हंतो, मेंढरं असती तर घर इचारलं नसतं. मेंढरं न्हाईत तर घर दाव. उघड्यावर पोरगी द्यायची न्हाई."

"खरंय त्याचं."

"व्हय तर. पोर हाय त्याची," भागूबाई म्हणाली आणि चालती झाली.

ते आनंदरावांच्या मनातून गेलं नाही. रांगेच्या टोकाला नदीकडं थोडी जागा उरत होती. शेवटची भिंत उभीच होती, तिला टेकून तीन भिंती घातल्या की एक खोली वाढत होती. दगडमाती जागेवरची, कौलं जुन्या मोडलेल्या तबेल्याची. अडत होतं फक्त लाकूड. सुताराला त्यांनी विचारलं, दारांच्या चौकटीचं लाकूड कापलं का? उभे कापले, आडवे कापले, खालचे उंबरे तेवढे कापायचे राहिलेत, असं तो म्हणाला.

"मग राहू दे," आनंदराव म्हणाले. "चौकटीला तीनच बाजू कर. उंबरा हवाय कशाला? येता-जाता ठेच लागते."

असे उंबऱ्यांच्या लाकडाचे वासे झाले आणि वाशांची झाली एक जास्तीची खोली. आनंदराव त्या दिवशी घरी गेले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. बारांत तेरा बसवल्या होत्या त्यांनी. बायकोनं, ठकुबाईनं, फक्त एवढंच सांगितलं, "तेरावी नका म्हणू बाई, तेराव्याचं जेवण आठवतं. शेवटची म्हणा." तेव्हापासून ती शेवटची खोली झाली.

आणि आता पाडव्याला कुणी आत पाऊल टाकायला तयार नव्हतं. आनंदराव दुपारपर्यंत तिथंच बसून राहिले. जागा बाधिक आहे असं कुणी उठवलं असेल, असं त्यांना वाटलं; नदीपलीकडं मसणवटा होता. शेवटी ठकुबाईच पुरणपोळीचं ताट झाकून घेऊन आली. त्यांना जेवायला बसवलं आणि स्वतः सवयीनं दारात टेकायला गेली, तशी थबकली. हातानं जमीन चाचपली.

"अवो, उंबरा कुठाय?"

"नाही घातला."

"नाही घातला?" ठकुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "घरं बांधण्यात जन्म गेला आणि उंबरा विसरला?"

"विसरलो नाही. वाचवला. त्यात एक घर झालं."

"एक झालं आणि बारा गेली. बाईमाणसानं हळदकुंकू वाहायचं कशाला? सांजवात लावून ठेवायची कुठं? लेक सासरी निघाली, तर मागं वळून बघंल ती काय बघंल? ह्या लोकांनी सगळा जन्म ओट्यावर नि झाडाखाली काढला. ओट्याला उंबरा नसतो, झाडाला नसतो. त्यांना जे कधी मिळालं नाही, तेच तेवढं तुम्ही काढून घेतलंत."

आनंदरावांच्या हातातला घास हातातच राहिला. कोंडिबा आणि साळूबाई तोंडानं का बोलले नाहीत हे त्यांना आत्ता कळलं. फुकट मिळालेल्या घराला नाव कसं ठेवायचं, म्हणून ती माणसं काम राहिल्याचं सांगून निघून गेली होती. आनंदरावांना फार वाईट वाटलं. बारा घरांना नाही म्हणणारी ती माणसं आपल्याला जपत होती, हे त्यांना सगळ्यांत जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून ओव्हरसियर आले. माणूस तरुण होता, पण रगेल नव्हता. रिकाम्या खोल्या बघितल्या, आनंदरावांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुकादम, खोल्या अशा पडून राहिल्या तर सरकारी धान्य ठेवायला मागतील. मागणी आधीच आलेली आहे. आठ दिवसांत माणसं राहायला आली पाहिजेत."

"उंबरे घालतो, साहेब."

"लाकूड?"

आनंदरावांची नजर जास्तीच्या खोलीच्या वाशांकडं गेली. ओव्हरसियरांनी रांगेच्या टोकाकडं बघितलं. "ती शेवटची मंजुरीत नाहीच. ती उतरवा. तिच्या वाशांतून बाराही उंबरे निघतील. एका खोलीसाठी बारा कुटुंबं बाहेर ठेवायची का? तुम्हीच सांगा."

बोलणं रास्त होतं आणि तेच अवघड होतं. दगड लावावे तर घडवलेल्या दगडाला पाथरवट हवा, आणि त्याची तरतूद नव्हती. ओव्हरसियर मोटारीनं गेले. आनंदराव सायकल हातात धरून शेवटच्या खोलीपाशी आले. भागूबाई अजून बाहेरच बसली होती. कुणीच आत गेलं नाही तर आपण कसं जायचं, म्हणून तीही पाडव्यापासून आत गेली नव्हती.

"भागूबाई," ते म्हणाले, आणि सायकल उभी करू लागले.

"आयकलं म्या. भिताडाआड हुते." म्हातारीनं वर बघितलं. "मोडा की. बारा घरं लागत्यात तर येक मोडाया काय झालं."

"आणि बाजीचं?"

म्हातारी नदीकडं बघत बसली. नदीत मुलं डुंबत होती.

"मुकादम, उंबरा लाकडाचाच लागतो व्हय?"

"लाकडाचा, नाहीतर दगडाचा. का?"

"म्या नवी नवरी आली ती भोंगवलीच्या रानात. घर कुठलं? मेंढरांचा वाडा, जाळी लावलेली, आन् येक पाल. माझ्या सासूनं काय केलं, मालकांची काठी घेतली आन् पालापुढं आडवी टाकली. तिच्यावर हळद टाकली. म्हनली, ह्यो तुझा उंबरा, वलांड. म्या वलांडला. पुढं धाकट्या जावंला बी तसाच." ती हसली. "मालक ऊन कलल्यावर काठी उचलायचं की समजायचं, हितनं उठायचं. माझा उंबरा चार-आठ दिसांनी उठून चालाया लागायचा."

आनंदराव तिच्याजवळच्या काठीकडं बघत राहिले. हाताच्या घासानं वरचा भाग तेल लावल्यासारखा झाला होता.

"उद्याच्याला मानसं बोलवा," भागूबाई म्हणाली. "कळपातलं पुढचं अडलं की सारी अडत्यात. तवा मागलं येक पुढं काढायचं. मग समदी जात्यात."

सकाळी माणसं आली. कोंडिबा आला, साळूबाई आली. उतरवायची खोली बघायला आलोय, असं तोंड करून सगळे उभे राहिले. बाजीही खडीचं काम सोडून आला होता आणि आईकडं न बघता जमिनीकडं बघत होता. आनंदरावांनी घरून छिन्नी, थापी आणि भिजवलेला चुना आणला होता. मिस्त्रीकाम सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. धोतर खोचून ते शेवटच्या दारात उकिडवे बसले आणि दोन खांबांमध्ये जमिनीत चर खणू लागले.

काठी दारापेक्षा लांब होती. आनंदराव म्हणाले, "दोन्हीकडनं थोडी कापावी लागंल."

"कापायची न्हाई," भागूबाई म्हणाली.

मग आनंदरावांनी काठी कापली नाही, भिंत कापली. दोन्ही बाजूंना खांबाखाली खोबण्या पाडल्या, काठीची टोकं आत सरकवली, बुडाशी चपटे दगड बसवले आणि चुना भरला. थापी फिरवताना त्यांचा हात असा चालत होता की कोंडिबाची बायको पुटपुटली, "राजाच्या घरी बी असंच केलं असंल." ते ऐकून आनंदरावांनी मान वर केली नाही, पण कान लाल झाले.

भागूबाईनं पदराचं टोक सोडलं. त्यात हळद होती. चिमूट काठीवर टाकली, कपाळ टेकवलं. उठली, उजवा पाय उचलला आणि आत गेली. आतून तिचा आवाज आला, "बाजी, ये रं. घर लागलं."

बाजी काठीवरून आत गेला, तेव्हा त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

सगळे उभे होते. मग कोंडिबा एकदम म्हणाला, "आयला, धनगरणीचं घर आमच्या आधी लागलं," आणि तरातरा गावाकडं निघाला. परत आला तो खांद्यावर जू घेऊन. बैल मेल्यापासून ते धर्मशाळेच्या मागं पडलं होतं. बायको म्हणाली, जू का कुणी पायात घालतं? कोंडिबा म्हणाला, "पायात न्हवं, उंबऱ्यात. ह्या जुवानं आजवर आपलं प्वाट भरलं. मुकादम, बसवा." साळूबाईनं डोक्यावरून पाटा आणला, वाटून वाटून मधे खळगा पडलेला. एकानं दाराची रुंदी पुरेना, तशी ती पुन्हा जाऊन आईचा जुना पाटा घेऊन आली. बाकीच्यांनी नदीतले लांबट दगड निवडून आणले. एका दाराला धोब्याचा कपडे आपटायचा दगड आला, तो उचलायला चार गडी लागले. एकानं मात्र हट्टानं लाकडाचाच घालायचा म्हणून पुढं लाकूड मिळेपर्यंत, पार पावसाळ्यापर्यंत, उंबऱ्याच्या जागी कांबळं लावलं. संध्याकाळी ठकुबाई दिवे लावायला आली तेव्हा दारादारांत सांजवाती होत्या आणि आनंदरावांच्या दोन्ही हातांना चुन्यानं खाल्ल्याच्या भेगा पडल्या होत्या. ते हात तिला दाखवत ते हसले. आयुष्यात इतका मान आपल्याला कधी मिळाला नव्हता, असं त्यांनी तिला तिथंच, सगळ्यांदेखत सांगितलं.

आठवडा संपताना ओव्हरसियर आले. पहिल्या दाराशी वाकून जू बघितलं, दुसऱ्या दारात पाटे बघितले. पुढं पुढं ते हळू चालू लागले. शेवटच्या दारापाशी आले तेव्हा त्यांनी पायांतले बूट काढले.

"ही उतरवायची होती ना?"

"होय, साहेब," आनंदराव म्हणाले. "आता लाकूड नको आहे."

ओव्हरसियर काठीकडं बघत म्हणाले, "राहू द्या. वाढीव बांधकाम म्हणून मी मंजुरीला घालतो. तुम्ही ह्यांचं भोरात राहणं कधीपासून धरणार?"

"चिखलाची पहिली पाटी उचलली तेव्हापासून," आनंदराव म्हणाले. ओव्हरसियर हसले आणि ते तसंच धरलं गेलं.

वैशाखात वरव्याहून वऱ्हाड आलं. पोरीच्या बापानं आधी घर बघितलं. भिंतीवर थाप मारली, कौलं मोजल्यासारखं वर पाहिलं, मग दारात बसून काठीवरून हात फिरवला. रायबाची काठी त्यानं ओळखली असावी. एकेकाळी दोघांचे कळप एकाच रानात बसलेले होते. "बरं झालं," एवढंच तो म्हणाला. नवरी दारात आली. काठीच्या आतल्या अंगाला नाचणीनं भरलेलं माप ठेवलं होतं. तिनं ते उजव्या पायानं आत लवंडलं आणि काठी ओलांडली. दाणे खोलीभर घरंगळले. बायांनी उखाण्याचा धोशा लावला, सगळी रांग दाराशी लोटली आणि त्या गर्दीत आनंदराव मुकादम, घरबांधणीचं सबंध खातं, सायकल भिंतीला टेकवून, नवरीचा बाप असल्यासारखे डोळे पुसत उभे होते.

जेवणं उरकली, वऱ्हाड निघालं, माणसं पांगली. आनंदराव निरोप घ्यायला शेवटच्या दाराशी आले. भागूबाई दारात बसली होती. आत नवी सून वाकून सांडलेली नाचणी वेचत होती. ऊन कलत होतं. रायबाची उठायची वेळ हीच असायची, ऊन कललं की कळप हलवायचा.

"येतो, भागूबाई."

"यवा," ती म्हणाली, आणि त्यांना पोहोचवायला उठताना आधारासाठी तिनं सवयीनं हात खाली नेला, काठी धरली आणि ओढली.

काठी हलली नाही. म्हातारीनं चमकून खाली बघितलं. मग तिच्या लक्षात आलं. ती उठलीच नाही. काठीवर हात ठेवून तशीच बसली आणि आनंदरावांना बसल्या बसल्याच म्हणाली, "या मुकादम. आमी हितंच हाय."